मैत्रीण नात्यात बसत नाही

आठवीच्या सहामाहीत मला गणितात शंभरापैकी 31 मार्क पडले होते. हे आमच्या बॅचमधल्या बासष्टच्या बासष्ट जणींना पाठ आहे, कारण बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवले होते. तरीही बॅचचे पैसे कुणी सांभाळायचे हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांची बोटं माझ्याकडेच वळली. का म्हणून विचारलं तर कानपूरवाली म्हणाली, "अरे, तुम मराठी लोग हिसाब के पक्के होते हो."

झाशीत आम्हा मराठी लोकांची ही ख्याती बहुधा नारोशंकरांपासूनची असावी. 1742 साली ते इथे सुभेदार झाले, तेव्हापासून वसूल गोळा करायचा आणि पुण्याला हिशोब द्यायचा हे आमच्या माणसांचं काम. पुढे पेशवाई गेली, सुभेदारी गेली, संस्थानही गेलं. वसूल गोळा करणं तेवढं फिरून फिरून माझ्या गळ्यात पडलं.

आमची 1984 ची इंटरची बॅच. शाळा मुलींची, नाव सांगत नाही, कारण तिथल्या एक निवृत्त बाई अजून चष्म्याशिवाय वाचतात. बासष्ट जणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि त्याचं नाव 'झाँसी की रानियाँ'. या गावात जिथे चार बायका जमतात तिथे ग्रुपचं नाव हेच असतं, माझ्या फोनमध्ये असे तीन आहेत. माहेरची, सासरची अशी दोन-दोन आडनावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी मैत्रिणींना गावांवरून सेव्ह केलंय: कानपूरवाली, ग्वाल्हेरवाली, नागपूरवाली, न्यू जर्सीवाली. फोनबुक उघडलं की रेल्वेचं टाइमटेबल वाचल्यासारखं वाटतं.

बेत साधा होता. शाळा सुटल्याला चाळीस वर्षं झाली म्हणून ओरछ्याला बेतवेकाठी दोन दिवस जमायचं आणि शाळेला दोन वॉटर कूलर द्यायचे. वर्गणी प्रत्येकी 3,100; वरचे शंभर शगुनाचे. 2024 च्या जानेवारीत मी माझ्याच बचत खात्याचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकला आणि निवांत झाले. तो माझ्या आयुष्यातला शेवटचा निवांत जानेवारी.

आमच्या पिढीच्या बायका ऑनलाइन पैसे पाठवताना आधी एक रुपया पाठवून बघतात. तो पोचला का ते फोन करून विचारतात. मी "पोचला" म्हटलं की "नक्की तुझ्याच खात्यात?" असं विचारतात. मग पावणेदोन तासांनी 3,100 येतात. जूनअखेरपर्यंत 41 जणींनी पैसे भरले. त्यांतल्या चौघींनी "सौ रुपये मिलने पर" असं म्हणून 3,000 च पाठवले, आणि 23 जणींनी आधी एकेक रुपया पाठवून माझी परीक्षा घेतली. एकूण 1,26,723. हा आकडा मी आता झोपेतही सांगते. यजमानांनी तो झोपेत ऐकलेलाही आहे.

जुलैत नेहमीप्रमाणे स्वतःचं विवरणपत्र भरायला सीएकडे गेले. हा सीए म्हणजे बॅचमधल्याच एकीचा धाकटा भाऊ. सीपरी बाजारात जिन्याखाली त्याचं ऑफिस आहे. फी तो पुरती घेतो, पण जिज्जी म्हणून घेतो. बँकेचं स्टेटमेंट बघता बघता तो थांबला.

"काए जिज्जी, जे का है?"

मराठीत आम्ही 'काय' म्हणतो आणि बुंदेलीत 'काए' म्हणजे 'का'. दोन्हींचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. म्हटलं, मैत्रिणींचे पैसे आहेत.

"रिश्ते में कौन लगती हैं?"

म्हटलं, मैत्रीण लागते. तो खुर्चीत मागे रेलला आणि मला आयकर कायद्यातली नाती समजावू लागला. वर्षभरात परक्या माणसांकडून 50,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली तर ती सगळीच्या सगळी तुमचं उत्पन्न धरतात. नातेवाइकांकडून कितीही आली तरी माफ. आणि नातेवाईक कोण, याची यादी कायद्यातच आहे: नवरा, भाऊ-बहीण, नवऱ्याचे भाऊ-बहीण, आईवडलांचे भाऊ-बहीण, चढती-उतरती पिढी आणि या सगळ्यांचे नवरे-बायका. मी यादी दोनदा वाचली. माझी जाऊ तीत बसते. सोळा वर्षं जिनं माझा पोळपाट परत केलेला नाही, ती सरकारदरबारी माझी सख्खी. आणि जिच्या डब्यातलं कैरीचं लोणचं खाऊन मी इंटर पास झाले, ती परकी.

"लग्नातला आहेरही माफ असतो," तो म्हणाला.

घरी येऊन हे यजमानांना सांगितलं. ते रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, वॅगन दुरुस्त करायचे. कुठलीही गोष्ट पुन्हा वापरात आणता येते असा त्यांचा विश्वास आहे. पण ते म्हणाले, "आहेरासाठी लग्न पुन्हा करावं लागेल. माझी तयारी नाही."

सीएनं मग समजूत काढली. ही भेट नव्हेच, दुसऱ्यांचे पैसे तुम्ही नुसते सांभाळताय. यादी ठेवा, मेसेज जपून ठेवा, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येईल. पण व्याज तुमच्या पॅनवर दिसतंय, तेव्हा त्यावरचा कर तुमचा. म्हणजे मैत्री सामायिक आणि कर खासगी. "असं करा," तो म्हणाला, "ग्रुप के नाम से खाता खुलवा लीजिए."

सदर बाजारातल्या एका बँकेत गेले. तिथल्या मुलीनं फार आदरानं विचारलं, "आँटीजी, संस्था का पैन?" म्हटलं, संस्था नाही, मैत्रिणी आहोत. ती म्हणाली, मग असंघटित मंडळ. चाळीस वर्षांत आम्हाला इतकं अचूक कुणी ओळखलं नव्हतं. तिनं यादी दिली: पॅन, नियमावली, खातं कोण चालवणार याचा ठराव, आणि सही करणाऱ्यांची सगळी कागदपत्रं.

भिशीला यातलं काही लागत नाही. माझ्या सासूबाईंनी तीस वर्षं भिशी चालवली ती कालनिर्णयच्या मागच्या पानांवर. डाळ भिजवण्याची आठवण आणि कुणाचे किती बाकी हे शेजारी शेजारी लिहिलेलं असायचं, आणि एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नाही. पण भिशीत आलेला पैसा महिन्याभरात कुणाच्या तरी घरी जातो. आमचा पैसा बसून होता. बसलेल्या पैशाला नाव लागतं.

पॅनच्या अर्जापाशी खरं घोडं अडलं. पॅनमधलं चौथं अक्षर तुम्ही कोण आहात ते सांगतं, हे मला तेव्हा कळलं. माणसाला पी, कंपनीला सी, ट्रस्टला टी, एकत्र कुटुंबाला एच. आमच्यासारख्यांना ए, म्हणजे व्यक्तींचा समूह. हे ग्रुपवर टाकताच लखनऊवालीनं "हमें ए ग्रेड मिला!" म्हणून फुलांचे गुच्छ पाठवले. तिला शाळेत कधी मिळाला नव्हता.

नावाच्या रकान्यात 'झाँसी की रानियाँ' लिहायचं ठरत होतं, पण दोन्ही बाजूंचे मुकुट आणि गुलाब त्या फॉर्मात बसेनात, आणि ते काढायला चौघी तयार होईनात. शेवटी साधं बॅचचं नाव घातलं. त्यापुढचा रकाना होता स्थापनेच्या तारखेचा. थोडक्यात, जन्मतारीख. बासष्ट बायकांना एकत्र जन्मतारीख विचारण्याची चूक माझ्या हातून झाली. ग्वाल्हेरवाली म्हणाली, सहावीत प्रवेश घेतला ती तारीख धरा. कानपूरवाली म्हणाली, इंटरच्या निकालाची धरा. मग नागपूरवालीनं मार्ग काढला: व्हॉट्सअॅप ग्रुप 2016 साली झाला, तीच तारीख द्या. सगळ्या खूश. आमच्यापैकी कुणीतरी अखेर आठ वर्षांचं निघालं होतं.

"आठ वर्षांचं म्हणजे अज्ञान," यजमान पेपरामागून म्हणाले. "पालक लागेल."

एका दुपारी वैतागून मी सीएला विचारलं, ही इन्कम टॅक्सची पीडा आणली कुणी? तो हसला. "जिज्जी, आप ही लोगों का किया-धरा है." आणि यात तथ्य आहे. 1857 च्या धामधुमीत इंग्रजांचा खजिना रिकामा झाला, तो भरायला लंडनहून जेम्स विल्सन नावाचे गृहस्थ आले. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक काढणारे तेच हे. त्यांचा आयकर 24 जुलै 1860 ला लागू झाला आणि ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यात वारले. आपण काय सुरू केलंय ते बघायलाही थांबले नाहीत. संस्था नोंदणीचा कायदाही त्याच 1860 सालचा. राणीसाहेबांनी तलवार उपसली आणि दोन-तीन वर्षांत देशाला हे दोन फॉर्म मिळाले. त्यांच्याच गावात बसून ते भरणं मला भागच होतं.

बाकी हिशोबाचा जाच त्यांनाही चुकला नव्हता. 1854 मध्ये झाशी खालसा झाल्यावर सरकारनं त्यांना महिना 5,000 रुपये पेन्शन ठरवली आणि पती गंगाधररावांचं कर्ज तीतूनच कापून घ्यायचं काढलं. टीडीएसशी झाशीची ती पहिली गाठ. दत्तकपुत्र दामोदररावांच्या नावानं काही लाख रुपये सरकारजमा होते. त्यांच्या मुंजीसाठी त्यांतलेच एक लाख मागितले तर उत्तर आलं, चार जामीन आणा. पोराचे पैसे, पोराची मुंज आणि जामीन चार! माझ्याकडे बँकेनं तीनच सह्या मागितल्या. मी जाम खूश झाले.

खातं उघडलं आणि पैसे मुदत ठेवीत टाकले. ओरछ्याचा बेत या भानगडीत 2025 च्या डिसेंबरवर गेला होता, म्हणजे चाळिसावं वर्ष आम्ही एक्केचाळिसाव्यात साजरं करणार होतो. मार्च 2025 पर्यंत व्याज झालं 3,612. ग्रुपवर टाळ्या वाजल्या. सीएनं मात्र कपाळाला हात लावला.

एकमेकींनी काढलेल्या वर्गणीवर कर नाही, कारण स्वतःच्या उजव्या हातानं डाव्या हाताला दिलेलं ते उत्पन्न नव्हे. बँकेनं दिलेलं व्याज मात्र बाहेरून येतं. यावर बंगळूर क्लब थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि 2013 साली हरला. त्यांनी ज्या बँकांत पैसे ठेवले होते त्या बँका क्लबच्या सभासदच होत्या, तरीही न्यायालय म्हणालं, व्याजावर कर भरा. हाच तो क्लब, ज्याच्या 1899 सालच्या वहीत थकबाकीदारांमध्ये लेफ्टनंट चर्चिल यांचं नाव आहे. बाकी तेरा रुपये, वसूल होणार नाही म्हणून सोडून दिलेली. हे वाचल्यापासून मला त्या क्लबाच्या खजिनदाराविषयी आतड्याची माया वाटते. चर्चिलनं पुढे महायुद्ध जिंकलं, पण तेरा रुपये काही दिले नाहीत. माझ्याकडे बाकी 21 जणींची आहे, आणि त्यांतली एकही अजून पंतप्रधान झालेली नाही.

पुढचं ऐकून तर मी सीएच्या टेबलावरचं पाणी प्यायले. आमच्यासारख्या बिननोंदणीच्या समूहात कुणाचा किती हिस्सा हे ठरलेलं नसेल तर कर सगळ्यात वरच्या दरानं. म्हटलं, ठरवू की, बासष्टावा हिस्सा प्रत्येकीचा. तो म्हणाला, ठरवलात तरी एका जरी सभासदाचं स्वतःचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर तोच दर. आमच्यात तीन डॉक्टर, दोन प्राध्यापिका, एक बँकेतून निवृत्त झालेली. शाळेत आमच्या बाई सांगायच्या, मुलींनो शिका, स्वतःच्या पायावर उभ्या राहा. राहिलो उभ्या. त्याबद्दल तीस टक्के आणि वर उपकर.

कर झाला 1,130. सीएची फी 2,500. बेरीज 3,630, आणि व्याज 3,612. माझे आठवीचे 31 मार्क ज्यांनी लक्षात ठेवले त्या सगळ्यांना मी ही वजाबाकी स्वतः करून ग्रुपवर टाकली: पैसे बँकेत ठेवल्याबद्दल आपल्याला 18 रुपये तोटा झाला आहे.

संस्था रीतसर नोंदवली तर तो वरचा दर लागत नाही. त्याला सात माणसं पुरतात. पण मग नियमावली, वार्षिक सभा, पदाधिकाऱ्यांच्या याद्या आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरण. सात जणी मिळतील हो. पण त्या सात जणी एका दुपारी एका ठिकाणी मिळणं, तेही तिथीवाराची कटकट, नातवंडांच्या परीक्षा आणि गुडघे सांभाळून, हे 1860 च्या कायद्यात कुणी धरलेलं दिसत नाही.

तेवढ्यात कानपूरवालीनं पिल्लू सोडलं: कूलरसाठी दिलेल्या पैशांची 80 जीची पावती मिळेल ना? आता त्यासाठी आधी संस्था, मग आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी, मग देणग्यांचं वेगळं विवरण. आठवडाभर मी तिच्या नादानं त्या फॉर्मांचं वाचन केलं. आठव्या दिवशी सहज विचारलं, तू कुठली कररचना घेतेस गं? म्हणाली, नवी. नव्या रचनेत 80 जीची सवलतच नाही. "अच्छा? पर रसीद तो अच्छी लगती है," म्हणाली.

न्यू जर्सीवालीला शंभर डॉलर पाठवायचे होते. ती तिकडच्याही एका कॉलेजच्या वर्गमैत्रिणींची खजिनदार आहे आणि तिला आमच्या यातना कळेनात. अमेरिकेत म्हणे वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत जमा असलेल्या छोट्या मंडळांनी आयकर खात्याला फक्त एक ई-पोस्टकार्ड टाकायचं. नाव, पत्ता, जबाबदार माणूस कोण, एवढंच. सलग तीन वर्षं टाकलं नाही तर मात्र करमाफी आपोआप जाते. मला पोस्टकार्ड ही कल्पनाच फार आवडली. 'सर्व कुशल आहे. व्याज झाले नाही. लहानांस आशीर्वाद. तुमचीच, झाशीची बॅच.' आपल्याकडे असं झालं तर सगळ्यात आधी मी भरीन, ओल्या शाईचं.

तर तिचे शंभर डॉलर. सीएनं विचारलं, पासपोर्ट कुठला? म्हटलं, अमेरिकन. तो खुर्चीतून उठलाच. भारतीय पासपोर्टवाल्यांनी परदेशातून स्वतःच्या कमाईतले पाठवले तर ते आपलेच धरतात. पासपोर्ट परका झाला की तो विदेशी निधी. त्याला गृह मंत्रालयाची परवानगी हवी, आणि त्या निधीसाठी खातं उघडायचं तर दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत, दुसरीकडे नाही. मी तिला कळवलं की तुझ्या वॉटर कूलरच्या नळासाठी दिल्लीला जावं लागेल. शेवटी तिच्या झाशीतल्या भावानं बहिणीचा मान म्हणून स्वतःच्या खिशातून 3,100 दिले. आणि भाऊ-बहीण यादीत आहेतच!

त्या वर्षी विवरणपत्राची शेवटची तारीख 31 जुलैवरून 15 सप्टेंबर झाली, आणि 15 ला रात्री आणखी एक दिवस वाढली. मी अर्थातच त्या एका दिवसात भरलं. आयटीआर पाच नंबर. शेवटच्या पानावर सहीखाली हुद्दा विचारतात. सीए म्हणाला, लिहा, प्रिन्सिपल ऑफिसर. म्हटलं, मी कसली? तर कायद्यातच लिहिलंय, समूहाचा सचिव किंवा खजिनदार म्हणजे प्रिन्सिपल ऑफिसर. शाळेत असताना प्रिन्सिपलच्या ऑफिसबाहेर मी पुष्कळ उभी राहिले होते, कानाला हात लावून. आता आत होते. ओटीपी आला तो यजमानांच्या फोनवर, आणि ते भाजी आणायला माणिक चौकात.

डिसेंबरात ओरछ्याला जमलो. बेतवेकाठी सतरंज्या अंथरल्या, पलीकडे छत्र्यांवर गिधाडं बसलेली. मी फाइल उघडून उभी राहिले. जमा, खर्च, व्याज, कर, फी, कूलर दोन, बस एक. कुणी ऐकत नव्हतं. एक जण दुसरीच्या सुनेचा फोटो बघत होती, दोघी भज्यांच्या मागे गेल्या होत्या. मी आवाज चढवला, दोन दिवस हातात डायरी घेऊन चहाचा कप न् कप लिहिला आहे म्हटलं. तरी कुणाला त्यात रस नव्हता. शेवटी मी म्हटलं, "तेईस रुपये फालतू जमा हैं. टेस्टवाले."

सगळी सतरंजी ताठ बसली.

"किसके?"

पुढचा तासभर तेवीस रुपयांवर गेला. ग्वाल्हेरवाली म्हणाली, आमचा रुपया परत द्या, तत्त्वाचा प्रश्न आहे. लखनऊवाली म्हणाली, मंदिरात टाका. कानपूरवालीनं विचारलं, त्यावर व्याज किती झालं? नागपूरवाली म्हणाली, आधी अठराचा तोटा तेवीसमधून वळता करा, राहिले पाच. आणि मग ते पाच कुणाचे यावरून पुन्हा सुरू. मतदान झालं. तेराविरुद्ध नऊ मतांनी ठरलं की ज्यांनी रुपया पाठवला त्यांना तो ज्या त्या खात्यात परत करावा. ठराव मी वहीत लिहिला, तीन सह्या घेतल्या.

संध्याकाळी नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून मी एकेकीला एकेक रुपया पाठवत होते. अकरावा नागपूरवालीचा. पाठवला आणि मिनिटभरात फोन वाजला. 1 रुपया जमा. खाली तिनं लिहिलं होतं: 'टेस्ट कर रही हूँ, अगले साल के लिए.'